रांगेतली मोकळी जागा

कोलशेतचे मिठागर, ठाणे
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके १८०५

चि. बंधू हरिहरास अनेक आशीर्वाद. लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. निघताना तुला सांगितले होते की रोजच्या रोज चार ओळी लिहीन आणि दगडू तांडेलाचा मचवा कल्याणास निघाला की पाने त्याच्या हाती देईन. पण इथे आल्यावर आधी बोरू सापडेना, मग दौत कलंडून शाई सांडली, मग खोकल्याने धरले. आज जरा बरे आहे, म्हणून बसलो.

जागा चांगली आहे. खरेच चांगली आहे, तुझ्या बायकोलाही सांग. माजिवड्याच्या पुढे खाडीला लागून प्रभाकरपंतांचे आगर, आणि आगराच्या कडेला उंचवट्यावर ही चौकी. दोन खोल्या, कौले धड आहेत, पुढे ओटा. ओट्यावर बसले की पाण्याचे वाफे आरशासारखे पसरलेले दिसतात. मालक ठाण्यात राहतात. त्यांनी एवढेच सांगितले की भाऊ, तुम्ही नुसते बसून लक्ष ठेवा, काम गुणाजी मुकादमाला ठाऊक आहे. जन्मभर वखारीत मापारी म्हणून उभा राहिलो. म्हातारपणी कुणी बसायला सांगितले, हे माझ्या लेकीचे, हेमाचेच पुण्य.

दुसरी खोली मंदीची. तुमच्या घरात ती जड झाली असे मी म्हणत नाही, पण तुझी स्वतःची पाच आहेत. हेमा गेल्यापासून आईवेगळी पोर, बापाने दुसरे घर केले. तिला आजोबाशिवाय कोण? खोली सारवून घेतली आहे. ओल येते की काय याची काळजी वाटते. मुंग्याही आहेत. पण होईल काहीतरी.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

आज वाफे तुडवण्याचे काम पाहिले. मीठ पिकवायच्या आधी वाफ्याचा तळ घट्ट करावा लागतो, नाहीतर खारे पाणी जमिनीतच मुरते. तो तळ माणसांच्या पायांनी घट्ट होतो. दुसरे हत्यार नाही. चिखलात बायकापुरुष एका रांगेत उभी राहतात, प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर, आणि एका तालात पाय चालतात. आधी टाच रोवायची, मग चवडा दाबायचा, मग पाऊल आत वळवायचे, मग बाहेर. मग अर्धे पाऊल पुढे. रांगेच्या मधोमध सगुणा म्हणून एक बाई असते, ती ताल सांगते. "टाच गो, चवडा गो, आत गो, भायेर गो." बाकीचे मागून म्हणतात. चिखलाचा चप् चप् असा आवाज येत राहतो.

मी सारी सकाळ त्यांचे घोटेच पाहत बसलो. तुला माझा उजवा पाय माहीत आहे. बंदरावरच्या पायरीवरून पडलो तेव्हापासून घोट्यात लाकूड भरल्यासारखा झाला आहे. उकिडवे बसता येत नाही, उतारावर पाऊल टेकत नाही. आणि या बायकांचे घोटे लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरतात. सगुणा माझ्याकडे पाहून हसली. गुणाजीला म्हणाली की भाऊंना उतरवा खाली, चार दिवसांत पाय मोकळा होईल, नाहीतर वाफ्यातच रुतून बसतील, मग मीठ लावून ठेवू. सगळ्या हसल्या. मीही हसलो. आगाऊ आहे, पण वाईट नाही.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी

आज एक गोष्ट झाली. माझे काही चुकले असे मला वाटत नाही, तरी मन लागत नाही, म्हणून लिहितो.

खाडीकडचा मोठा वाफा अर्धा तुडवून झाला होता. सगुणेचा पाय शिंपल्यावर पडला, पाऊल आत मुरडले आणि ती बसकण मारून ओरडली. घोटा बघता बघता सुजला. तिला दोघांनी उचलून बांधावर आणले. आता रांगेने थांबावे की नाही? तर नाही. उरलेले तसेच जागच्या जागी टाच-चवडा करीत राहिले, आणि गुणाजीने आपल्या सुनेला हाक मारली की लवकर उतर, सगुणेच्या ठशांत पाणी भरायच्या आत त्यांत पाय ठेव.

मला ते पाहवेना. इकडे बाई कळवळते आहे आणि ही माणसे नाचताहेत. शिवाय मालकांच्या कानावर गेले तर म्हणतील, भाऊ, तुम्ही बसून काय केलेत? मी काठी टेकत बांधावर गेलो, त्या सुनेचा हात धरून तिला मागे ओढले आणि सगळ्यांना वर या म्हटले. गुणाजी हात जोडून म्हणाला, "भाऊ, अर्ध्या वाफ्यातून पाय काढू नये. तळ धरला नाय तवर रांग मोडत नाय. जागा मोकळी रेते." मी म्हटले, इथे मालकाचा माणूस मी आहे की तू?

वर आली सगळी. कुणी माझ्याकडे पाहिले नाही. वाफ्यात रांगेच्या मधोमध सगुणेच्या पावलांचे दोन ठसे तेवढे राहिले. त्यांत पाणी भरले नाही, याचे मला नवल वाटले.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

सगुणेसाठी माजिवड्याहून डॉक्टर विश्रामराव आले होते. पलटणीत डॉक्टर होते, आता पेन्शनीत आहेत. तट्टावरून येतात, तपकीर ओढतात, आणि समोर कुणी बसले की शिकवू लागतात. मलाही ऐकायला आवडते. पंतोजींच्या शाळेतून अर्ध्यात उठलो, ती हौस राहिलीच.

त्यांनी कोळशाने ओट्यावर आकृती काढून दाखवली. घोट्याच्या दोन बाजूंना जे दोन उंचवटे हाताला लागतात ती वेगळी हाडे नव्हेत. आतला उंचवटा हे नडगीच्या जाड हाडाचे टोक, बाहेरचा तिच्या शेजारच्या बारीक हाडाचे. बाहेरचा थोडा खाली असतो. मी लगेच चाचपून पाहिले, खरेच आहे. या दोघांच्या मध्ये, सुताराने चौकटीच्या खाचेत लाकूड बसवावे तसे एक हाड बसलेले आहे. या सांध्यात पाऊल फक्त वर आणि खाली होते. आत-बाहेर जे वळते ते त्याच्या खालच्या सांध्यात, टाचेच्या हाडावर. म्हणजे टाच-चवडा हे वरच्याचे काम आणि आत-बाहेर हे खालच्याचे. बाहेरच्या बाजूचे बंध नाजूक असतात, म्हणून पाय नेहमी आत मुरडतो आणि बाहेरून सुजतो. सगुणेचेही तसेच झाले.

मग म्हणाले, भाऊसाहेब, गंमत ऐका. त्या मधल्या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. पोटरीकडून आणि नडगीवरून येणाऱ्या साऱ्या दोऱ्या त्याला ओलांडून पुढे जातात. ते आपण होऊन कधीच हलत नाही. दुसरे हलवतील तसे बिचारे हलते. मी म्हटले, डॉक्टर, हे तर माझेच वर्णन झाले. ते इतके हसले की तपकीर सांडली.

माझाही घोटा पाहिला. म्हणाले, आता काही व्हायचे नाही, सांधा घासला आहे. लहान मुलांचे निराळे, त्यांचा घोटा अजून अर्धा कूर्चाच असतो, वळवाल तसा वळतो.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

हरिहरा, आनंदाची गोष्ट आहे. माझा पाय सुटला!

सकाळी उठलो तो नेहमीसारखा पाय आखडलेला नाही. सहज पाऊल वर केले, आले. खाली केले, गेले. आत, बाहेर. इतकी वर्षे लाकूड झालेला घोटा असा फिरू लागला की मला रडू आले. कशाने झाले कोण जाणे. खाऱ्या हवेने असेल. डॉक्टरांची विद्या खोटी पडली, आता येतील तेव्हा सांगतो.

तेव्हा आता मंदीला पाठवायला हरकत नाही. यंदा संक्रांत पौषी पौर्णिमेलाच येते आहे, त्या दिवशी उधाणाच्या पाण्यावर दगडूचा मचवा थेट आगराच्या धक्क्याला लागेल. मी स्वतः चालत धक्क्यापर्यंत येईन, काठीशिवाय. हेमाच्या लहानपणच्या तोरड्या तुझ्याकडे पेटीत आहेत, त्या तिच्या पायांत घाल. आता बसतील. डोक्याला गुंडाळायला काहीतरी दे, खाडीवर वारा असतो. आणि मचव्याच्या कडेला बसू देऊ नकोस. दगडूला मीही सांगेन, पण तो हो म्हणतो आणि विसरतो. आतापर्यंतची पाने आजच त्याच्या हाती देतो.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी

जेवताना लक्षात आले. मी पाटावर बसलो होतो, हातात घास होता, आणि उजवा पाय हलत होता. टाच, चवडा. मी हलवत नव्हतो. थांबवला, थांबला. पुन्हा घास घेतला तर पुन्हा चालू.

म्हाताऱ्या माणसाला कंप सुटतो. आपल्या काकांची मान हलत असे, आठवते ना. तसेच असेल. पण कंप असा तालात असतो का?

सगुणेला पाहायला गेलो. सूज उतरली आहे, दुखतही नाही म्हणते. पण तोंड उतरून गेले आहे. गोधडीवर पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही पाय चालले होते. टाच, चवडा, आत, बाहेर. तिच्या सासूने पायांवर पाटा ठेवून पाहिला, तर पाटा हलू लागला. चेष्टा करणारी बाई, पण आज एवढेच म्हणाली की भाऊ, दमले मी, जरा झोप लागू द्या म्हणावे. कुणाला म्हणावे, ते सांगितले नाही.

तिच्या पायांकडे पाहताना माझा पायही त्याच तालावर चालला होता. मी काठी आडवी धरून तो झाकला.

मार्गशीर्ष वद्य दशमी

सगुणा गेली.

काल भर दुपारी सगळे जेवायला गेले असता ती उठून मोठ्या वाफ्यात उतरली आणि आपल्या जुन्या ठशांत उभी राहून तुडवू लागली. एकटीच. तिला ओढून आणले तेव्हा अंग तापाने फणफणत होते. आज सकाळी संपली.

मी पोहोचवायला गेलो. जाणे भाग होते. लिहू की नको असे होते, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू. तिरडीवर निजवताना पायांचे अंगठे एकमेकांना बांधतात, तसे बांधले होते. बांधावरून जाताना ती सुतळी तुटली. मी मागेच होतो. पांढऱ्या कापडाखाली पावले हलत होती, हरिहरा. टाच. चवडा. खांदेकऱ्यांनी पाहिले नाही, त्यांना जाणवले. पुढच्या दोघांनी मुकाट्याने तिरडी खाली ठेवली, गुणाजीने नवी सुतळी करकचून बांधली, आणि पुन्हा उचलली.

मार्गशीर्ष वद्य द्वादशी

गुणाजीला बोलावून विचारले. तो ओट्याच्या खालीच उभा राहिला. म्हणाला, जे सांगायचे ते त्याच दिवशी सांगितले होते. मी खूप विनवले तेव्हा बोलला.

वाफ्याचा तळ पाय मागतो. त्याला जेवढे दिले तेवढे शेवटपर्यंत द्यावे लागतात. रांगेत एकाची जागा मोकळी राहिली की तळ आधी त्याच माणसाला बोलावतो. ते माणूस आले आणि अर्ध्यातून ओढून काढले, तर मग ज्याने रांग मोडली त्याच्या घरचा पाय मागतो.

मी म्हटले, माझ्या घरी मी एकटाच आहे. तो माझ्या पायाकडे पाहत होता. पाय चालला होता. तो म्हणाला, "एकले हाव तर बरा हाय."

मी त्याला विचारले की मग सगळी रांग पुन्हा उतरवून वाफा पुरा का करीत नाही. तो म्हणाला, आता कोण उतरेल? तुम्ही सांगा, कोणाची सून उतरवू?

पौष शुद्ध द्वितीया

दोन्ही पाय चालतात आता. झोपेत गोधडी लाथाडली जाते. बसून लिहितो तर पाट हलतो, म्हणून अक्षर असे आले आहे.

विश्रामरावांना बोलावले. आधी हसले, म्हणाले म्हाताऱ्याला नाच सुचला. मग पोटरीवर हात ठेवला. पोटरी चेपून पाहिली, टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, नडगीवर बोटे फिरवली. हसणे थांबले. पुन्हा पोटरी धरली. पाऊल खाली जात होते, वर येत होते, आणि पोटरी त्यांच्या हातात कणकेच्या गोळ्यासारखी सैल पडली होती. शिराही सैल. काहीच ओढत नव्हते.

मी विचारले, डॉक्टर, त्या मधल्या हाडाला दुसरे हलवतात म्हणालात. कोण हलवते आहे?

त्यांनी हात धुतले. बराच वेळ धुतले. म्हणाले मुंबईस मोठ्या इस्पितळात दाखवा, आणि तट्टावर बसून गेले. तपकिरीची डबी ओट्यावरच राहिली. गड्याकरवी पाठवली, तर घेतली नाही.

पौष शुद्ध पंचमी

थकलो आहे रे. भीती वाटते हे खरेच, पण भीतीपेक्षा थकवा जास्त. दिवसभर न चालता चालतो आहे. मांड्या भरून येतात, कंबर धरते. वाटते एकदाचे जाऊन त्या वाफ्यात उभे राहावे आणि काय तुडवायचे ते तुडवून टाकावे. माझे वय झाले. सगुणेचे झाले नव्हते. तिला दोन लहान आहेत.

काल गुणाजीने बांधातल्या उघाडीची फळी काढून मोठ्या वाफ्यात भरतीचे पाणी सोडले, सारा तळ विस्कटून जावा म्हणून. आज ओहोटीला पाणी काढले. रांगेतले सगळ्यांचे ठसे पुसून गेले.

सगुणेचे दोन तेवढे आहेत.

मी बांधावरून वाकून पाहिले. काहीतरी निराळे वाटले, ते कळले नाही. आता लिहिता लिहिता कळले. ते लहान झाले आहेत.

पौष शुद्ध अष्टमी

आज आत उतरलो. ठरवूनच उतरलो. माझ्या घरचा पाय म्हणजे माझाच, तर घे म्हटले. चिखल गार होता. ठशात पाऊल ठेवले.

मावेना.

टाच मावते तर चवडा बाहेर. चवडा मावतो तर टाच बाहेर. मी दाबले, रगडले. कडा दगडासारख्या आहेत. आधी सगुणेच्या मापाचे होते, आज माझ्या वितीएवढे उरले आहेत. वीत लावून पाहिली.

गुणाजी बांधावरून ओरडला, वर या, तुम्हाला नको म्हणते ते. मग कोण हवे, असे विचारले. त्याने विचारले, भाऊ, खरेच एकले हाव ना तुम्ही?

मी त्याला सांगितले नाही. सांगवलेच नाही.

पौष शुद्ध दशमी

दगडू आला. मी धक्क्यावर जाऊन त्याला आधी म्हटले, मंदीला आणू नकोस. हरिहराला सांग, पाठवू नको. तो हो म्हणाला. तो हो म्हणतो आणि विसरतो. म्हणून मागच्या खेपेनंतरची ही सगळी पाने त्याच्याबरोबर देतो आहे, आणि इथे ठळक लिहितो. मंदीला पाठवू नकोस. तिला खोकला आहे म्हण, मी मेलो म्हण, काहीही म्हण. पाठवू नकोस.

पान दुमडत होतो तेवढ्यात दगडू हसत म्हणाला की तुमची नात मोठी गमतीची झाली आहे, भाऊ. मी विचारले, काय झाले? म्हणाला, नवा खेळ शिकली आहे. जेवताना, वेणी घालून घेताना, देवापुढे बसली तरी पाय स्वस्थ नाहीत. टाच रोवते, चवडा रोवते. वहिनी रागावल्या तर म्हणते, मी नाही करत, पायच करतात. त्या तोरड्या घातल्यापासून तर घरभर छुमछुम. सगळे हसून पुरे होतात.

सगळे हसतात. हरिहरा, तूही हसलास का?

पौष शुद्ध एकादशी

दगडू गेला. पाने नेली. पोहोचला असेल.

त्याचा काय नेम. वाटेत अंजूरला त्याची बहीण आहे, तिथे राहतो कधीकधी.

डॉक्टर म्हणाले होते, लहान मुलांचा घोटा वळवाल तसा—

पौष शुद्ध त्रयोदशी

तुझा निरोप नाही.

गुणाजीला सगळे सांगितले. तो खाली बसला. मग म्हणाला, एकच वाट दिसते. ठसे तिच्या मापाचे व्हायच्या आत तुम्ही वाफा पुरा करा. ठशात पाय मावो न मावो. मधे थांबू नका. कुणी हाक मारली तरी थांबू नका. तो स्वतः बरोबर उतरतो म्हणाला. त्याच्या सुनेने त्याचे पाय धरले. मी म्हटले, नको. तू बांधावर राहा.

माझे पाय फार जोरात चालतात. घोट्यात करकर वाजते. लाकूड चिरल्यासारखे.

पौष शुद्ध चतुर्दशी

सकाळपासून वाफ्यात होतो. अर्ध्याच्या पुढे गेलो. टाच, चवडा. पाय आपणच चालतात, मी नुसता वर उभा. ऊन चढले तसा डोळ्यांपुढे अंधार आला आणि पडलो. गुणाजीने ओढून—

त्याने ओढून काढले. तो रडत होता. म्हणाला, बुडाला असतात, भाऊ. मी म्हटले, अरे, अर्ध्यातून काढलेस. पुन्हा अर्ध्यातून.

ठसे आता माझ्या वितीला दोन बोटे कमी आहेत. हेमाच्या तोरड्या ज्या पायाला बसतात तेवढे.

पौषी पौर्णिमा, दुपार

संक्रांत. उधाणाचे पाणी चढते आहे. धक्का इथून दिसतो. मचवा नाही. एक शीड दिसले होते, ते वळले, की नाही वळले, उन्हात नीट दिसत नाही. गुणाजीला धक्क्यावर पाठवले आहे, मचवा आलाच तर कुणाला उतरू देऊ नको म्हणून.

मी बांधावर बसलो आहे. हे पान मांडीवर. पाय चिखलात सोडले आहेत. आता उतरतो. उरलेला वाफा आज पुरा करतो, पडलो तर पडू दे. हे पान उघाडीच्या दगडाखाली ठेवीन, गुणाजी तुला पोहोचवील.

मंदी विचारील. आजोबांनी खोली सारवली होती म्हणून सांग. मुंग्या—

थांब.

माझे पाय थांबले.

दोन्ही. अगदी स्वस्थ. हलवू म्हटले तर हलत नाहीत. उजवा पुन्हा लाकूड झाला आहे, पूर्वीसारखा. किती बरे वाटले रे. एक क्षण किती बरे—

पण आवाज येतोच आहे. चप् चप्. माझ्या मागे, वाफ्यात. हलका. जरासा छुमछुम. मी वळून पाहत नाही. वाफ्यात कुणी नाही. मघाशी कुणी नव्हते.

हरिहरा, मी पाया पडतो. आजच्या आज निरोप पाठव. माणूस पाठव, वाट्टेल ते कर. ती तुझ्या घरात आहे ना? तुझ्या डोळ्यांपुढे बसली आहे ना? दुसरे काही लिहू नकोस, लवकर एवढेच कळव की तिचे पाय अजून